पाकिटातला चोथा, गिरणीतला कोंडा

गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतल्या माडिया आणि गोंड गावांत डुक्कर हे घरचे जनावर आहे. पंडुमाला म्हणजे सणाला, लग्नाला, मयताच्या कार्याला ते लागते, आणि अडीनडीला विकले की हातात रोख पैसा येतो. एका घरी फार तर एक-दोन माद्या. त्यांचा खुराक म्हणजे धानाचा कोंडा घातलेली कोमट पेज, घरातले उष्टे आणि मोहाच्या दिवसांत मोहाचा चोथा. उरलेले पोट ते जनावर गावाबाहेर माती उकरून, कंद आणि किडे खाऊन स्वतःच भरते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा सगळा धानाचा पट्टा. तिथे गिरण्या आहेत आणि गिरण्यांतून निघणारा कोंडाही मुबलक आहे. अशा मुलखात डुकराच्या पिल्लांची आतडी चांगली राहावीत म्हणून प्रीबायोटिक चोथ्याची पाकिटे विकत घ्यावीत का, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटेल. पण ज्या घरात एका वेताच्या पिल्लांवर वर्षाचा कपडालत्ता अवलंबून असतो, त्या घराला तो किरकोळ नाही. माझे उत्तर असे आहे : पाकिटामागचे शास्त्र खरे आहे, मात्र ते ज्या दुखण्यासाठी जन्माला आले ते दुखणे आपल्या गावात अजून पुरते आलेले नाही. ते येणार आहे ते डुक्कर गोठ्यात कोंडल्यावर. आणि त्या वेळी लागणारा चोथा आपल्या गिरणीत, डाळ मिलमध्ये आणि बांधावर आधीच पडलेला आहे. तो कसा, किती आणि कोणत्या वयात द्यायचा एवढेच कोणी नीट तपासलेले नाही.

डुक्कर कोंडून पाळावे हा आग्रह रास्तच आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. उघड्यावरची विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसात टीनिया सोलियम या पट्टकृमीच्या पुटकुळ्या धरतात. ते मांस अर्धेकच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो, आणि त्याची अंडी मळक्या हातावाटे किंवा पाण्यावाटे पोटात गेली तर त्याच पुटकुळ्या मेंदूत होऊन झटके येऊ लागतात. आपल्याकडच्या अपस्माराच्या कारणांत हे एक महत्त्वाचे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. दुसरा धोका जपानी मेंदूज्वराचा. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास हा विषाणू पाणपक्ष्यांकडून डुकरात आणतात. डुकराच्या रक्तात तो झपाट्याने वाढतो आणि तिथून डासांवाटेच माणसाकडे येतो. म्हणून डुक्कर घरापासून दूर, गोठ्यात, मच्छरदाणीच्या जाळीआड असणे चांगले. मोकाट डुकराचे गोडवे गाऊन या दोन रोगांकडे डोळेझाक करता येणार नाही. पण कोंडताना आपण त्याच्यापासून काय काढून घेतो याचा हिशेबही मांडला पाहिजे. माती जाते, मुळे जातात, चारा निवडण्याची मुभा जाते. पिल्लाच्या आतड्याची गोष्ट इथून सुरू होते.

डुकराची पिल्ले रोगप्रतिकारक द्रव्यांविना जन्मतात, कारण या प्राण्याची वार आईच्या रक्तातली प्रतिपिंडे पिल्लापर्यंत पोचूच देत नाही. जे मिळायचे ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसात. दीड दिवसाच्या आत आतड्याची भिंत ही मोठी प्रथिने आत घेणे बंद करते. एका पिल्लाच्या पोटात साधारण २५० ग्रॅम चीक गेला तर ते तगण्याची शक्यता चांगली वाढते. पुढे दूध पिऊन लहान आतड्याच्या आतल्या बाजूला रसांकुर मखमलीच्या लवीसारखे उभे राहतात. अन्न पचवणारी पाचकद्रव्ये त्यांच्याच टोकाशी असतात. जंगलातली किंवा मोकळी डुकरीण पिल्लांना तीन महिने आणि त्याहूनही पुढे, हळूहळू कमी करत पाजते. कारखानी पालनात हेच दूध तीन-चार आठवड्यांत एकदम तोडतात, म्हणजे मादी लवकर पुन्हा गाभण राहते. दूध तुटलेले पिल्लू दिवस-दोन दिवस धड खातच नाही. उपाशी आतड्यातले रसांकुर झडतात आणि चार-पाच दिवसांत त्यांची उंची जवळपास निम्म्यावर येते. मग ते पिल्लू भुकेने सोयापेंडीचा खुराक एकदम खाते. अर्धवट पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात जाऊन सडते, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि एफ-४ किंवा एफ-१८ तंतू असलेले ई. कोलाय जंतू भिंतीला चिकटून विष सोडतात. पिवळी पाण्यासारखी हगवण लागते आणि पिल्लू दोन दिवसांत आटून जाते. या साखळीची पहिली कडी उपासमार आहे, जंतू नंतर येतात. खुराकातला कोणताही पदार्थ या पहिल्या कडीला हात घालत नाही.

युरोपने ही हगवण अनेक दशके खुराकात थोडी थोडी प्रतिजैविके मिसळून दाबून ठेवली. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली, डेन्मार्कने १९९० च्या दशकाच्या शेवटी, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. डेन्मार्कमध्ये बंदीनंतर दूध तुटलेल्या पिल्लांत हगवण वाढली, औषध म्हणून दिली जाणारी प्रतिजैविकेही काही काळ वाढली. त्याची भरपाई झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्रेने झाली. पण शेणातून ते जस्त शेतात साठू लागले आणि प्रतिरोधक जंतूंना पोसते असे दिसले, म्हणून जून २०२२ पासून तेही थांबवावे लागले. दरम्यान २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी डुकरातल्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारा, एका जंतूकडून दुसऱ्याकडे उडी मारणारा एमसीआर-१ हा जनुक शोधला. कोलिस्टिन हे माणसाच्या अतिदक्षता विभागातले शेवटच्या फळीचे औषध. भारताने जुलै २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, ते योग्यच केले. प्रीबायोटिक चोथ्याचा बाजार वाढला तो या पोकळीत : प्रतिजैविक गेले, जस्त गेले, आता पिल्लू वाचवायचे कशाने? प्रश्न खराच होता. पण तो तीन-चार आठवड्यांत दूध तोडणाऱ्या, सिमेंटच्या फरशीवर शेकडो पिल्ले एकत्र ठेवणाऱ्या पद्धतीचा होता. आपल्याकडे दूध साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी तुटते, आणि या जंगलपट्ट्यात बहुधा त्याहूनही उशिरा. गोठा बांधल्यावर ही उशिराची सवय टिकवली तर निम्मी लढाई तिथेच जिंकली.

आता पाकिटात काय असते ते पाहू. प्रीबायोटिक ही संज्ञा ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या निवडक उपकारक जंतूंचे खाद्य होते आणि त्यातून यजमानाचे भले होते, तो पदार्थ प्रीबायोटिक. चिकोरीच्या मुळातले इन्युलिन हे ठळक उदाहरण. लसूण-कांद्यातही ते असते. जंतू ते आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान आम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन, आणि आम्लतेमुळे ई. कोलायसारख्या उपद्रवी जंतूंची कोंडी होते. इथपर्यंत सगळे पक्के आहे. पण डुकराच्या पिल्लात एक अडचण निघते : त्याच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच इतके जंतू असतात की इन्युलिनचा बराच भाग मोठ्या आतड्यात पोचण्याआधी संपतो. म्हणूनच इन्युलिनच्या प्रयोगांत कधी फायदा दिसतो, कधी काहीच दिसत नाही. याला विज्ञानाचे अपयश म्हणता येणार नाही. ‘चोथा’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळे पदार्थ येतात, एवढाच त्याचा अर्थ.

याचा सर्वांत बोलका पुरावा भातातून आला. पर्थच्या मर्डॉक विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले की शिजवलेला पांढरा भात आणि प्राणिज प्रथिने खाणारी डुकरे रक्ती हगवणीपासून बचावतात. भात लहान आतड्यातच पुरता पचतो, मोठ्या आतड्यात आंबायला काही उरत नाही, आणि त्या रोगाच्या जंतूला थारा मिळत नाही. त्याच गटाने पुढे दूध तुटलेल्या पिल्लांवर काम केले. खुराकात आतड्यातला रस घट्ट करणारा विद्राव्य चोथा मिसळला की ई. कोलायची हगवण उलट वाढली. म्हणजे चोथा हवा की नको? २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये नेमके दुसऱ्या टोकाचे फळ हाती आले. चिकोरीची मुळे आणि ल्युपिन, म्हणजे भरपूर आंबणारा चोथा खाणारी डुकरे त्याच रक्ती हगवणीपासून वाचली. बार्सिलोनातल्या संशोधकांना गव्हाचा जाडसर कोंडा दिल्यावर ई. कोलाय आतड्याला कमी चिकटताना दिसला, तोच कोंडा बारीक दळला की परिणाम ओसरला. हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पदार्थ, मात्रा, दळण आणि वय बदलले की परिणाम उलटतो, हे ते सगळे मिळून सांगतात. त्यामुळे एकच पाकीट सगळ्या गोठ्यांना लागू पडेल असे म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. उलट एक वाट दिसते, आणि ती धानाच्या मुलखाला सोयीची आहे : दूध तुटण्याच्या आधीपासून आणि नंतरचे दोन आठवडे शिजवलेल्या कणीची मऊ पेज, सोबत बेताचे प्रथिन, आणि पिल्लू नीट खाऊ लागले की जाडसर चोथा थोडाथोडा वाढवत न्यायचा.

हा चोथा या दोन जिल्ह्यांत कुठून येईल, यावर थोडे रेंगाळायला हवे. पहिला अर्थातच धानाचा कोंडा. पण कोंडा म्हणजे नेमके काय, हे गिरणीवर अवलंबून आहे. खेड्यातल्या जुन्या हलरमधून जे बाहेर पडते त्यात तूस आणि कोंडा एकत्र भरडलेले असतात. मूठभर हातात घेऊन चोळले की तांबूस पिठाखाली तुसाची टोकदार कुसळे बोटांना टोचतात. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते आणि पिल्लाच्या पोटाला त्याचा उपयोग नाही. उलट ते पोट भरून खाण्याची जागा अडवते. आधुनिक मिलमध्ये तूस आधी वेगळे होते आणि मग तांदूळ पॉलिश होताना खरा कोंडा निघतो. तो तेलकट, जीवनसत्त्वांनी भरलेला आणि अरॅबिनोझायलन नावाच्या चोथ्याने समृद्ध असतो. त्यातच त्याचे वैगुण्यही आहे. दळताना मोकळे झालेले लायपेज हे पाचकद्रव्य त्या तेलाला फोडू लागते, आणि काही दिवसांत कोंडा खवट होतो. खवट कोंड्याने पिल्लू खाणे सोडते, आणि खाणे सोडणे म्हणजे पुन्हा साखळीची पहिली कडी. उपाय सोपा आहे : कोंडा आणला त्याच दिवशी परतून किंवा उकळून ठेवणे. उकड्या तांदळाच्या गिरणीतला कोंडा घेतला तर तिथे वाफेने लायपेज आधीच मेलेले असते, त्यामुळे तो जास्त टिकतो. हलरचाच कोंडा हाती असेल तर चाळणीने तुसाचा मोठा भाग काढता येतो. चाळलेला आणि न चाळलेला कोंडा यांच्यातला फरक कोणत्याही पाकिटाच्या फरकाहून मोठा असेल, असे मी जबाबदारीने म्हणतो.

दुसरा चोथा डाळ मिलमधला. तुरीची आणि हरभऱ्याची चुनी विदर्भात गाई-म्हशींना घालतातच. कडधान्यांत रॅफिनोज गटातली साखर असते. ती डुकराला किंवा माणसाला पचत नाही, पण आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियांना ती आवडते. काही महाग प्रीबायोटिकांतली साखरसाखळी याच कुळातली आहे. तिसरा जवस. धान उभे असतानाच ओलीवर जवस आणि लाखोळी फेकून घेण्याची उतेरा पद्धत पूर्व विदर्भात जुनी आहे. जवसाला शिजवले की सुटणारा बुळबुळीतपणा हाही चोथाच. अर्थात तो घट्टपणा आणणारा असल्याने पिल्लांसाठी मात्रा अगदी कमी ठेवावी लागेल, आणि जवसातली सायनाइड सोडणारी द्रव्ये उडावीत म्हणून तो उकळलाच पाहिजे. रताळ्याचे वेल, कोचईचे कांदे आहेत. कोचई कच्ची दिली तर तिच्यातल्या ऑक्झलेटने तोंड आणि घसा खाजतो, शिजवली की खाज जाते. इथेच जंगलाचे सगळे चांगले असते या समजुतीला आवर घालायला हवा. वाळलेल्या मोहफुलांत वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. ती ताकद देते, पण पिल्लाला एकदम जास्त पडली तर तीच हगवण लावते. मोहाच्या टोळीची, म्हणजे बियांची पेंड सॅपोनिनमुळे विषारी असते, ती डुकराला घालूच नये. लाखोळीतले ओडीएपी हे मज्जातंतूंना घातक द्रव्य पिल्लाच्या खुराकात जायला नको.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की पाकिटातली मात्रा मोजलेली असते, कोंडा-चुनी गिरणीगणिक बदलते. आक्षेप बरोबर आहे. पण मोजणी ही पाकिटाची मिरास नाही. नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे. सिंदेवाहीला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र धानावरच काम करते आणि तिथेच कृषी विज्ञान केंद्रही आहे. गडचिरोलीला सोनापूरचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तूस किती, तेल किती, आंबणारा चोथा किती, हे पाच-सहा गिरण्यांचे नमुने घेऊन सांगणे यांच्या आवाक्यातले काम आहे. गाव पातळीवरही पारख करता येते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या हेरून, पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या पेरून एचएमटी धान उभे केले. दोन वेतांना दोन प्रकारे खाऊ घालून वजने आणि हगवणीचे दिवस लिहून ठेवणे याहून अवघड नाही.

दुसरा आक्षेप जातीचा. गावठी डुक्कर हळू वाढते, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला. यॉर्कशायर किंवा लँड्रेस आणा, तयार खुराक घाला आणि हिशेब चोख ठेवा. मोठ्या गुंतवणुकीच्या शेतकऱ्याला हे जमू शकेल. २०२१ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान ठेवले गेले, १०० माद्या आणि १० नर अशा प्रकल्पाला कमाल ३० लाख रुपये. भामरागडच्या एक-दोन माद्यांच्या घराला ही दारे उंच पडतात. अशा घरात झपाट्याने वाढणाऱ्या संकरित पिल्लाला पुरेसे प्रथिन, औषध आणि थंड गोठा मिळाला नाही तर ते गावठी पिल्लाच्याही मागे पडते. व्हिएतनामची माँग काई आणि झिम्बाब्वेची मुकोटा या स्थानिक जाती चोथाळ खुराक परदेशी जातींपेक्षा बऱ्या पचवतात असे अभ्यासांत दिसले आहे. फरक माफक आहे, त्याचा बाऊ करायला नको. पण कोंड्यावर पोसायचे असेल तर कोंडा पचवणारे जनावर निवडणे शहाणपणाचे. गोव्याने आपल्या आगोंद गोवन डुकराची जात म्हणून नोंद करून घेतली. आपल्या जंगलपट्ट्यातल्या काळ्या डुकराची मोजमापे तरी घेतली जावीत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातली डुकरे ९० लाख ६० हजार भरली, २०१२ पेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी. नोंद होण्याआधीच एखादी जात संकरात विरून जाण्याइतकी घट आहे ही.

चोथ्याची चर्चा करताना ज्या गोष्टींशिवाय चोथा निरुपयोगी आहे त्या विसरल्या जातात. लोह ही त्यांतली पहिली. डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असते, रोजची गरज ७ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्रॅम. मोकळे पिल्लू ही तूट माती खाऊन भरून काढते. फरशीवर कोंडलेले पिल्लू दहा दिवसांत फिकट पडते, त्याची वाढ खुंटते, आणि हगवणीला ते आधी बळी जाते. पहिल्या आठवड्यात २०० मिलिग्रॅम लोहाचे एक इंजेक्शन हा त्यावरचा स्वस्त आणि सिद्ध उपाय आहे. एटापल्लीच्या आतल्या गावात ते वेळेवर पोचणे अवघड असते, त्यामुळे पशुधन पर्यवेक्षकाच्या फेरीत या एका सुईला अग्रक्रम हवा. दुसरी गोष्ट आई. गाभण मादीला शेवटच्या आठवड्यांत चोथा वाढवून दिला की बद्धकोष्ठ टळतो आणि वीत लवकर, कमी त्रासात होते, असे डेन्मार्कच्या अभ्यासांतून दिसले आहे. आपल्या चाळलेल्या कोंड्याचा आणि हिरव्या पाल्याचा सर्वांत निर्धोक उपयोग हाच आहे. मोठ्या डुकरिणीचे मोठे आतडे तो सहज पचवते, आणि तिचा फायदा चिकावाटे पिल्लापर्यंत जातो. बाकी जंतनाशक, उकळून गार केलेले पाणी, कोरडी पेंढ्याची जागा या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. होत नाहीत, एवढेच.

एका मुद्द्यावर मात्र मी माघार घेतो. गावातल्या उष्ट्या-खरकट्यावर डुक्कर पोसणे ही सोय आता सोडली पाहिजे, निदान बाजारातून आलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे त्यात असण्याची शक्यता असेल तेव्हा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात पहिल्यांदा २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आढळला. त्याच्यावर आपल्याकडे लस नाही, आणि लागलेल्या कळपातली बहुतेक डुकरे मरतात. २०२३ च्या सुरुवातीला तो तामिळनाडूत मुदुमलाईच्या रानडुकरांतही सापडला. ताडोब्याच्या जंगलाला लागून डुकरे पाळणाऱ्या जिल्ह्यासाठी ही बातमी दूरची नाही. रानडुक्कर वाघाचे भक्ष्य आहे आणि ते गावाच्या बांधावर येते. हा विषाणू चुलीवर नीट उकळलेल्या अन्नात मरतो. म्हणून खरकटे घालायचेच असेल तर अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय घालू नये.

वराहपालनाच्या योजनेत, प्रशिक्षणात किंवा वाटपाच्या संचात प्रीबायोटिक पाकीट घालण्याआधी नागपूरच्या विद्यापीठाने आणि सिंदेवाही-सोनापूरच्या केंद्रांनी एक हंगाम हे तपासावे : आठ आठवड्यांनी तोडलेले दूध, कणीची पेज, चाळून त्याच दिवशी परतलेला कोंडा, मूठभर चुनी आणि पहिल्या आठवड्यातली लोहाची सुई. एक-दोन माद्यांच्या घरांत, गावकऱ्यांनीच वजने लिहून. त्या आकड्यांपुढे पाकीट टिकले तर ते जरूर द्यावे, आणि आकडे येईपर्यंत तो खर्च सुईवर करावा.